निरीक्षक म्हणून उभे राहू द्या, पण लेखी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींची आपल्याला वर्षातून दोनदा आठवण होते, एफएमजीईचा, म्हणजे परदेशी पदवीधरांना इथे नोंदणीआधी द्यावी लागणाऱ्या परीक्षेचा, निकाल लागतो तेव्हा. पाचांतला जेमतेम एक पास झाल्याची बातमी येते, ‘तिकडचं शिक्षणच कच्चं’ यावर चार दिवस चर्चा रंगते आणि पुढच्या सत्रापर्यंत सामसूम. दोन निकालांच्या मधले सहा महिने ही मुले काय करतात? रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, महाड, कुठेही विचारा, उत्तरे तीच. काही पुण्याला किंवा दिल्लीला क्लास लावतात, काही घरी बसून मोबाईलवर व्हिडिओ पाहतात आणि बरीचशी एखाद्या खासगी रुग्णालयात ‘अनुभवासाठी’ जातात. पत्र या तिसऱ्या गटाबद्दल आहे. या अनुभवात काय बसते आणि काय बसत नाही, याची लेखी चौकट आपल्या भागात कोणी आखलेली दिसत नाही.

आधी कायद्याची बाजू. एफएमजीई म्हणजे ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास. उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास झाल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. तात्पुरती नोंदणी हातात पडेपर्यंत ती पदवी भिंतीवर लावण्यापुरतीच. तिच्या जोरावर साधी सलाईनही लावता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण पाहणे म्हणजे व्यवसाय नव्हे. डॉक्टर तपासत असताना शेजारी उभे राहावे, केसपेपर वाचावा, राउंड संपल्यावर शंका विचाराव्यात. यासाठी रुग्णाची संमती आणि रुग्णालयाची परवानगी एवढेच लागते. निरीक्षकाची जागा ती हीच. पालकांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. निरीक्षणाचा एकही दिवस इंटर्नशिपच्या १२ महिन्यांत धरला जात नाही. ‘धरून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

प्रत्यक्षात होते ते असे. ‘बघायला’ म्हणून आलेला मुलगा पंधरवड्यात रात्रपाळीला बसतो. रुग्णालयाला फुकटचा आरएमओ (निवासी डॉक्टर) मिळतो, मुलाला वाटते आपला हात बसतोय. रात्री अडीचला तो केसपेपरवर ऑर्डर लिहितो आणि खाली नावाऐवजी एक फराटा ओढतो, नोंदणी क्रमांक नसतोच. सकाळी सर येऊन त्याखाली सही करतात. रुग्ण बरा होऊन घरी गेला तर या कागदाकडे कोणी ढुंकून बघत नाही. दगावला की कागद पोलिसांकडे जातो आणि पहिला प्रश्न येतो, हे अक्षर कोणाचे? तिथे सरांची सही सरांनाही वाचवत नाही आणि मुलालाही नाही. शिवाय ज्याने अजून परिषदेचे दारही पाहिलेले नाही, त्याचे नाव नोंदणीआधीच गुन्ह्याच्या कागदावर लागलेले असते.

दुसरे नुकसान शिक्षणाचे, आणि ते लवकर दिसत नाही. रात्री एकटा बसलेला मुलगा ताप दिसला की सेफ्ट्रायॲक्झोन, उलटी दिसली की ऑन्डान्सेट्रॉन, एवढे पाठ करतो. परीक्षेत विचारतात ‘का’. रात्रपाळीत ‘का’ सांगणारे कोणी नसते, ते सकाळच्या राउंडला असते, आणि हा तेव्हा झोपलेला असतो.

बाहेरचे देश या बाबतीत काय करतात ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाच्या नियमांत परदेशी वैद्यकीय पदवीधराला ‘क्लिनिकल अटॅचमेंट’ची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे. अटी मोजक्या: पगार नाही, रुग्णावर उपचार नाही, रुग्णालयाचे लेखी पत्र हवे, आणि आधी अशी अटॅचमेंट केलेली नसावी. अमेरिकेत बी-१ व्हिसावर ऑब्झर्व्हरशिप करता येते. तिथेही मोबदला नाही आणि रुग्णाला हात लावणे नाही. रुग्णालयाच्या पत्रात तारखा, विभाग आणि ‘रुग्णसेवेत सहभाग नाही’ हे वाक्य असावे, आणि मुलाखतीच्या खिडकीवर उमेदवाराच्या तोंडूनही तेच यावे. ‘वर्क’ किंवा ‘ट्रेनिंग’ हा शब्द तोंडातून गेला की अधिकारी पुढचे दहा प्रश्न विचारतो, आणि ते रास्तच आहे. रुजू होण्याआधी तिकडची रुग्णालये लसीकरणाचे कागद मागतात: हिपॅटायटिस बीचे टायटर (लसीने रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीचे प्रमाण), गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, क्षयाची तपासणी, हंगामात फ्लूची लस. आपल्याकडे क्षयाची बीसीजी लस जवळपास सर्वांना दिलेली असते, त्यामुळे त्वचेवरची क्षयचाचणी फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याऐवजी रक्ताची इग्रा चाचणी करून न्यावी. रत्नागिरी किंवा सावंतवाडीत दिलेला नमुना बहुधा मुंबईला जातो, तेव्हा ते काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

म्हणजे परक्या डॉक्टरने कुठे उभे राहायचे आणि हात कुठे ठेवायचे, हे त्यांनी ठरवून ठेवले आहे. आपल्याच तालुक्यातल्या मुलीला आपल्याच जिल्हा रुग्णालयात कुठे उभे करायचे, हे मात्र ओळखीवर चालते.

आता कोणी म्हणेल, जॉर्जिया, किर्गिझस्तान, रशियात सहा वर्षे काढलेल्यांना इथे उभे राहून नवे काय दिसणार? भरपूर दिसेल, आणि नेमके तेच त्यांना तिकडे दिसलेले नसते. ज्यांची वॉर्डातली वर्षे कोविडमध्ये किंवा युक्रेनच्या युद्धात पडद्यावर गेली, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

सर्पदंश घ्या. सड्यावर फुरसे, भातशेतीत घोणस, घरात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार. कॅज्युअल्टीत पहिली तपासणी असते वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. काचेच्या नव्या, कोरड्या नळीत शिरेतले २ मिली रक्त घ्यायचे, नळी न हलवता २० मिनिटे ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिले तर ते गोठलेले नाही, म्हणजे बहुधा फुरसे किंवा घोणस. चाचणी सोपी म्हणूनच फसते. नळी प्लास्टिकची असते, किंवा साबणाने धुतलेली असते. अशा नळीत चांगले रक्तही गोठत नाही आणि रुग्णाला विनाकारण प्रतिविष चढते. कोणीतरी पाचव्या मिनिटाला नळी हलवून बघते. किंवा गर्दीत वीसची चाळीस मिनिटे होतात. निरीक्षकाला घड्याळ धरून त्या नळीशेजारी उभे केले, तर त्याचा हात रुग्णाला लागत नाही आणि रुग्णालयाचेही काम होते.

पुढचे सगळे पाहून शिकण्यासारखे आहे. प्रतिविषाच्या साधारण १० व्हायल (कुप्या) सलाईनमधून तासाभरात जातात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी टोचत नाही. सुरू करण्याआधी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवायचे, रिॲक्शन आली तर प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. गोठण्याची चाचणी पुन्हा सहा तासांनी, कारण यकृताला गोठण्याचे घटक नव्याने तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. त्याआधी तपासून ‘अजून गोठत नाही’ म्हणत आणखी व्हायल ओतण्यात अर्थ नाही. पापण्या मिटत असतील तर ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम देऊन निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम. नागाच्या दंशात याचा बऱ्याचदा गुण येतो, मण्यारीच्या दंशात सहसा येत नाही, कारण मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते; तिथे श्वासाची नळी घालून तग धरावा लागतो. पहाटे पोटात दुखते म्हणून आलेला, अंगावर दंशाची खूण नसलेला, बोलताना जड जिभेचा माणूस मण्यारीचा असू शकतो, हे पुस्तकातल्या ओळीपेक्षा एकदा समोर पाहिलेले पक्के राहते. दंशावर घट्ट बांधलेली दोरी एकदम सोडली की अडकलेले विष एकाच वेळी अंगात जाऊ शकते, म्हणून श्वासाची सामग्री हाताशी घेऊनच ती सोडायची. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचे आहे. आंबोली-तिलारीकडचा चापडा चावला तर त्याचा उपयोग होत नाही, आणि उगाच दिले तर रिॲक्शनचा धोका तेवढा पदरात पडतो.

लाल विंचवाचेही तसेच. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिनच्या गोळीचे काम जगापुढे ठेवले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग फुफ्फुसात पाणी, हा क्रम रायगड-रत्नागिरीच्या वॉर्डात पाहायला मिळतो. किर्गिझस्तानातल्या बिश्केकमध्ये तो पाहायला मिळण्याचे कारण नाही.

लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) हंगाम लावणीपासून सुरू होतो. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल, मग कावीळ, लघवी कमी. डेंग्यूशी गल्लत नेहमीची, कारण प्लेटलेट दोन्हींत उतरतात. पहिल्या चार-पाच दिवसांत अँटिबॉडीची एलायझा चाचणी निगेटिव्ह आली म्हणून लेप्टो नाही असे म्हणता येत नाही, आणि अहवालाची वाट पाहत औषध थांबवायचे नसते. दोडामार्गात २०१६ पासून माकडताप आहे. काजूच्या बागेत काम करणाऱ्याला ताप आला तर आसपास माकडे मेली का, हा प्रश्न विचारावाच लागतो. तो कोणत्याही परदेशी विद्यापीठाच्या हिस्टरीच्या फॉर्मवर नसावा.

मग हे बसवायचे कुठे? पहिला घोळ अर्जाच्या पत्त्यावरच होतो. रत्नागिरी आणि ओरोसची जिल्हा रुग्णालये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत, म्हणून तिथला अर्ज अधिष्ठात्यांकडे. कामथे, कळंबणी, दापोली, कणकवली, सावंतवाडी ही उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तिथला अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाचा अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर गेला की महिनाभर तिथेच पडून राहतो. आमच्या मते सुरुवात उपजिल्हा रुग्णालयांतून करावी. महाविद्यालयात आपले विद्यार्थी आधीच खाटेभोवती दाटीने उभे असतात, आणि तो हक्क त्यांचाच आहे. कामथ्याच्या किंवा कणकवलीच्या वॉर्डात दोन निरीक्षक सहज मावतात.

मुदत आठ आठवडे पुरते. त्यातले तीन कॅज्युअल्टीत, दोन मेडिसिन वॉर्डात, दोन प्रसूती आणि बालरोग विभागात, उरलेला एक प्राथमिक आरोग्य केंद्रात. सकाळी नऊ ते एक, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ रात्री दहापर्यंत. कारण सर्पदंशाचा रुग्ण ओपीडीची वेळ पाहून येत नाही. एका विभागात एका वेळी दोघांपेक्षा जास्त नकोत. अर्जासोबत पदवी आणि गुणपत्रके, पासपोर्टची शिक्के असलेली पाने, नीटचे गुणपत्रक, ओळखपत्र आणि हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद. ही लस ०, १ आणि ६ महिन्यांनी असते आणि टायटर तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी पाहतात, ते १० च्या वर हवे. कोणाचा एकही डोस झाला नसेल तर सगळे पूर्ण होईपर्यंत सात-आठ महिने निघून जातील, म्हणून निदान दोन डोस झालेले असावेत आणि तिसऱ्याची तारीख अर्जावर लिहिलेली असावी. हात लावायचा नाही म्हणजे सुई टोचणार नाही असे नसते. रुग्णाने हात झटकला की सुई शेजारी उभ्या असलेल्यालाही लागते.

गळ्यात ओळखपत्र हवे, त्यावर ‘निरीक्षक’ हा शब्द नावापेक्षा मोठा. पांढरा कोट नको. कोट पाहिला की आजीबाई ‘डॉक्टर, जरा बघा’ म्हणतात आणि मुलाला नाही म्हणवत नाही. केसपेपरवर पेन लावायचे नाही, इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही, फोनवर आलेली ऑर्डर नर्सला सांगणेही नाही. सोनोग्राफीच्या खोलीत निरीक्षक नकोच, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा वचक तिथे आहे आणि तो असावा. प्रसूतिगृहात बाईला विचारून, आणि तिने नको म्हटले की एक शब्द न बोलता बाहेर. मोबाईल वॉर्डाबाहेर. आपल्याकडे हा नियम शहरापेक्षा कडक हवा. निरीक्षक त्याच तालुक्यातला असतो, खाटेवरचा रुग्ण त्याच्या मामाच्या वाडीतला निघतो, आणि कोणाला काय झाले हे रुग्ण घरी पोचायच्या आत वाडीत पोचते. एचआयव्ही, गर्भपात किंवा विषप्राशनाचा रुग्ण असेल तर निरीक्षकाला त्या खाटेपाशी न्यायचेच नाही.

रोजची नोंदवही ठेवावी, पण रुग्णाचे नाव नाही, केसपेपरचा क्रमांक नाही. वय, तक्रार, काय तपासले, काय ठरले आणि का, बस. शनिवारी वैद्यकीय अधिकाऱ्याने अर्धा तास बसून ती वाचावी. अर्ध्या तासाचे हे ओझे खरे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. अपुऱ्या डॉक्टरांवर चालणाऱ्या रुग्णालयाला तेही जड जाते. म्हणूनच संख्या दोन.

शेवटचा कागद प्रमाणपत्राचा, आणि सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. त्यात तारखा, एकूण तास, विभाग आणि ‘निरीक्षण केले’ एवढेच असावे. प्रेमापोटी कोणी ‘रुग्ण हाताळले’, ‘लहान शस्त्रक्रिया केल्या’ असे लिहून देते. ते वाक्य नोंदणीआधीच्या तारखेचे असेल तर कलम ३४ च्या गुन्ह्याची कबुलीच आहे, आणि तीही स्वतःच्या लेटरहेडवर. परदेशात रेसिडेन्सीला (पदव्युत्तर प्रशिक्षणाला) अर्ज करतानाही असे पत्र गोत्यात आणते. तिकडचा कार्यक्रम संचालक तारखा लावून बघतो.

पैशाचा विषय राहिला. इंटर्नशिपसाठी परदेशी पदवीधरांकडून महाविद्यालयांनी शुल्क घेऊ नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच बजावले आहे. निरीक्षणाला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. मधल्या एजंटने ‘मोठ्या रुग्णालयात ऑब्झर्व्हरशिप’ म्हणून पैसे मागितले तर त्या रुग्णालयाच्या कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: पत्र कोणाच्या सहीने निघते, पावती कोणाच्या नावाने मिळते, विभागप्रमुखांना याची कल्पना आहे का. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडून थोडा वेळ शांतता पसरली की काय ते समजावे.

वेळेचे गणितही जमते. डिसेंबरच्या सत्राला बसणाऱ्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरचे आठ आठवडे घेतले तर साप आणि लेप्टो दोन्ही ऐन हंगामात दिसतात आणि नंतरचे दोन महिने अभ्यासाला मोकळे राहतात. जूनच्या सत्रासाठी फेब्रुवारी-मार्च. तेव्हा दोडामार्गकडे माकडतापाचे दिवस असतात आणि उन्हाबरोबर विंचवाचे रुग्णही वाढू लागतात. फक्त गणपतीच्या दहा दिवसांत नवा निरीक्षक रुजू करून घेऊ नये. चाकरमानी आलेले असतात, महामार्गावरचे अपघात वाढलेले असतात, आणि कॅज्युअल्टीत स्ट्रेचर वळवायलाही जागा नसते.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी,
संगमेश्वर, जि. रत्नागिरी